सामुदायिक भोजनातील मासे : आगाऊ तयारी आणि वेळेचे गणित

आसाममध्ये भाताची कापणी संपली की माघ बिहूचे वेध लागतात. या सणाच्या आदल्या रात्रीस ‘उरुका’ म्हणतात. जानेवारीच्या मध्यास येणाऱ्या या रात्री गावकरी शेतात बांबू व पेंढा यांचे ‘भेलाघर’ उभारतात आणि तेथे सामुदायिक भोजन होते. या भोजनाचा मान माशाकडे असतो. गावातील तलाव किंवा ‘बील’ म्हणजे नैसर्गिक पाणथळ यांतून रोहू, कटला, मृगळ, चितळ असे मासे काढले जातात आणि बाजारातही त्या दिवशी माशांची मोठी उलाढाल होते. शंभर-दोनशे पानांचा स्वयंपाक ऐनवेळी करणे अशक्य असल्याने मासे साफ करणे, हळद-मीठ लावणे, तळणे ही कामे सकाळपासून उरकली जातात. जेवण मात्र रात्री होते. मधल्या या तासांमध्येच भोजनाची सुरक्षितता ठरते.

ही स्थिती केवळ आसामची नाही. बंगाल व ओडिशातील सामुदायिक भोजने, किनारपट्टीवरील लग्नकार्ये, तसेच महिला बचत गटांनी चालविलेले भोजनव्यवसाय या सर्वांनाच मासे आगाऊ शिजवावे लागतात. त्यामागील शास्त्र समजून घेतल्यास विस्तार कार्यकर्ते आपापल्या गावात याविषयी नेमके मार्गदर्शन करू शकतील.

उष्णता काय करते आणि काय करीत नाही

अन्न चांगले उकळले की ते निर्धोक झाले, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. उकळण्याने बहुतेक जिवाणू मरतात. परंतु त्यांनी आधीच तयार केलेली काही विषद्रव्ये तशीच राहतात. बांगडा, तारली, कुपा यांसारख्या सागरी माशांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल मुबलक असते. मासा पकडल्यानंतर बर्फाविना पडून राहिला, तर जिवाणू त्याचे रूपांतर हिस्टामिनमध्ये करतात. हे द्रव्य तळल्याने, उकळल्याने वा गोठविल्याने नष्ट होत नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून काही तासांच्या आत चेहरा लाल होणे, अंगास खाज सुटणे, डोके दुखणे ही लक्षणे दिसतात. लोक त्यास ‘मासा बाधला’ म्हणून सोडून देतात. खरा दोष मात्र बर्फाच्या अभावाचा असतो. कोकणातून किंवा केरळातून येणाऱ्या सागरी माशांबाबत हे विशेष लक्षात ठेवावे.

दुसरा धोका शिजविल्यानंतरचा आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूची बीजाणू-अवस्था उकळीतही तग धरते. मोठ्या टोपातील कालवण मध्यभागी अतिशय सावकाश निवते आणि ४३ ते ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास या जिवाणूची संख्या सुमारे दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. तिसरा धोका हातांचा. बोटावरील जखम किंवा नाक-घशातून येणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू तळलेल्या, निवलेल्या तुकड्यांवर वाढतो. त्याचे विषही पुन्हा गरम केल्याने जात नाही. अशा भोजनाचा सर्वाधिक त्रास बालके, वृद्ध व गरोदर स्त्रियांना होतो.

म्हणून सूत्र एकच : ५ ते ६० अंश हा तापमानाचा पट्टा जिवाणूंना पोषक असतो, या पट्ट्यात माशाने कमीत कमी वेळ काढावा.

माशी काय सांगते

मासे साफ करण्याचे काम बहुधा दिवसा, उघड्यावर होते. कल्ले व आतड्यांच्या वासाने हिरव्या-निळ्या चकाकीची माशी (क्रायसोमिया मेगासेफाला) आणि घरमाशी दुरूनही आकर्षित होतात. पहिली एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालते आणि उष्ण हवेत एका दिवसाच्या आत त्यांतून अळ्या बाहेर पडतात. घरमाशी विष्ठा व अन्न यांवर आलटून पालटून बसते. तिच्या पायांवरून तसेच खाताना ओकलेल्या द्रवातून रोगजंतू अन्नावर येतात. जानेवारीच्या थंडीत माश्या मंदावतात. परंतु दुपारचे ऊन आणि चुलीजवळची ऊब त्यांना पुरेशी असते. अंधारात या माश्या सहसा उडत नाहीत व अंडीही क्वचितच घालतात. त्यामुळे रात्रीच्या भोजनासाठीसुद्धा माश्यांपासूनचे संरक्षण दिवसाच्या कामांच्या वेळी हवे.

त्यासाठी स्वयंपाकाच्या जागी कीटकनाशक फवारणे सर्वथा अयोग्य आहे. त्याचे अंश अन्नात उतरतात. साफसफाईची जागा चुलीपासून दूर ठेवावी, तुकडे बारीक जाळीखाली ठेवावेत आणि टाकाऊ भाग लागलीच झाकणाच्या बादलीत टाकावा. हा भाग पुरायचा असल्यास सुमारे दोन फूट खोल पुरावा. त्याचा उपयोगही करता येतो : तेवढ्याच वजनाचा गूळ मिसळून बंद भांड्यात तो कुजविल्यास पिकांसाठी मत्स्य-अमिनो द्रावण तयार होते.

‘ज्या माशावर माशी बसत नाही तो फॉर्मॅलिनचा’ असे बाजारात ऐकू येते. या कसोटीवर विसंबू नये. बर्फ, वारा आणि थंडी यांमुळेही माश्या येत नाहीत. उलट माश्या घोंगावणारा मासा ताजा असतो असेही नाही. फॉर्मॅलिनच्या संशयावरून आसाम सरकारने जुलै २०१८ मध्ये परराज्यांतील माशांच्या आवकेवर काही दिवस बंदी घातली होती. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेल्या चाचणी-पट्टीने काही मिनिटांत निदान होते. एकत्रित खरेदी करणाऱ्या मंडळांनी ती जवळ ठेवावी.

आधी काय करावे, नंतर काय करावे

येथे एक पेच उभा राहतो. वरण किंवा मटणाचा रस्सा ६० अंशांच्या वर तासन्‌तास ठेवता येतो. माशाच्या मांसात मात्र संयोजी ऊती कमी असतात आणि स्नायूंचे तंतू आखूड असतात. त्यामुळे तो लवकर शिजतो आणि फार वेळ गरम ठेवल्यास त्याचा चुरा होतो. सुरक्षिततेसाठी उष्णता टिकवावी, तर तुकडा टिकत नाही.

यावर आसामच्या स्वयंपाकातच उत्तर आहे. ‘मासोर टेंगा’ या आंबट कालवणात तुकडे हळद-मीठ लावून मोहरीच्या तेलात आधी तळतात आणि नंतर रश्श्यात सोडतात. रश्श्याला आंबटपणा टोमॅटो, औ टेंगा म्हणजे करमळाचे फळ, किंवा आपल्या कोकमाच्या कुळातील थेकेरा यांचा असतो. तळल्याने तुकड्याच्या पृष्ठभागावरील पाणी उडून तो घट्ट होतो. आंबटपणाने जिवाणूंची वाढ मंदावते. तरी तळणे व आंबट यांना तापमानाचा पर्याय समजू नये. ताजे वाढणे हेच खरे.

शंभर पानांच्या भोजनासाठी पुढील नियोजन उपयुक्त ठरेल.

१. दरडोई दीडशे ग्रॅमप्रमाणे १५ किलो तुकडे लागतात. डोकी वापरणार असल्यास १८ ते २० किलो अख्खे मासे पुरतात.

२. मासे पाण्याबाहेर काढताच त्यांच्याइतक्याच वजनाचा बर्फ घालावा. थर्माकोलच्या पेटीत मासे व बर्फ यांचे आलटून पालटून थर द्यावेत आणि वितळलेले पाणी निघून जाऊ द्यावे.

३. साफ केलेले तुकडे तळणीची वेळ येईपर्यंत बर्फावरच ठेवावेत. हळद-मीठ तळण्यापूर्वी अर्धा तास लावावे.

४. रस्सा, वाटण, भाज्या चिरणे ही कामे सकाळी उरकावीत. तळण मात्र भोजनापूर्वीच्या दोन तासांत सुरू करावे.

५. तळलेले तुकडे परातीत एका थरात, केळीच्या पानावर पसरावेत. वर्तमानपत्रावर ठेवू नयेत, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. कच्च्या माशाची पाटी, सुरी व हात यांचा तळलेल्या तुकड्यांशी संपर्क येऊ देऊ नये.

६. तुकडे उकळत्या रश्श्यात सोडून आतपर्यंत ७५ अंश तापमान येऊ द्यावे. एका मोठ्या टोपाऐवजी दोन-तीन लहान टोपांत टप्प्याटप्प्याने कालवण करावे, म्हणजे प्रत्येक पंगतीस ताजा टोप मिळतो.

७. आदल्या दिवशीच तळावे लागले, तर तुकडे पसरून दोन तासांत निववावेत आणि ५ अंशांखालील शीतपेटीत ठेवावेत. एवढ्या क्षमतेची शीतपेटी नसल्यास आदल्या दिवशी तळू नये. आसामची जानेवारीतील रात्र थंड असली, तरी ती शीतपेटीइतकी थंड नसते.

८. उरलेले कालवण रात्रभर टोपात ठेवून सकाळी वाटण्याची प्रथा थांबवावी.

विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका

या साऱ्यासाठी लागणारी साधने थोडी आहेत : बर्फ, जाळी, झाकणाच्या बादल्या आणि अन्नात खुपसून पाहण्याचा एक तापमापक. शेवटची वस्तू गावात क्वचितच आढळते. परंतु एक तापमापक गावातील सर्व भोजनांना पुरतो. मत्स्यपालक गट, मंडळ किंवा बचत गटाने तो सामाईक विकत घ्यावा. सणापूर्वी घेतल्या जाणाऱ्या बैठकीत वर्गणी व पदार्थ यांबरोबरच तीन वेळा लिहून ठेवण्याचा आग्रह धरावा : मासे पाण्याबाहेर केव्हा काढले, तळण केव्हा सुरू झाले आणि पहिली पंगत केव्हा बसली. या तीन नोंदींमधील अंतर कमी करणे हेच आगाऊ तयारीचे खरे उद्दिष्ट होय. मत्स्यपालकालाही यात लाभ आहे, कारण बर्फातला मासा भाव टिकवितो आणि ज्या गावात भोजन निर्विघ्न पार पडते, तेथे पुढील वर्षीची मागणी निश्चित असते.