हायब्रिड गाडीचे ॲव्हरेज : कागदावरचे आणि अकलूजच्या रस्त्यावरचे

अकलूज आणि माळशिरस तालुक्यातील आमच्या बागवान, तांबोळी, आतार, मणियार बंधूंचा धंदा रस्त्यावर अवलंबून आहे. कुणाला सोलापूरच्या बाजारपेठेत जावे लागते, कुणाला पुण्याहून माल आणावा लागतो. त्यामुळे गाडी घेताना पहिला प्रश्न असतो तो ॲव्हरेजचा. हल्ली ‘हायब्रिड घ्या, लिटरला अठ्ठावीस किलोमीटर देते’ असे सर्रास ऐकू येते. साध्या पेट्रोल गाडीपेक्षा या गाडीत दोन-तीन लाख रुपये जास्त अडकतात. छोट्या व्यापाऱ्याचे ते भांडवल असते. म्हणून या अठ्ठावीसमागचा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

प्रथम ही गाडी चालते कशी ते पाहू. हायब्रिडमध्ये पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटार अशी दोन्ही असतात. ब्रेक मारला की एरवी उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती मोटार पकडते आणि बॅटरीत भरते. गाडी थांबली की इंजिन बंद होते, आणि हळू चालताना पुष्कळदा नुसत्या विजेवर काम भागते. बॅटरी लहान असते. २०२२ मध्ये बाजारात आलेल्या मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर या गाड्यांची बॅटरी पाऊण युनिट विजेची आहे. ती घरी चार्ज करायची नसते. म्हणजे शेवटी सगळी शक्ती पेट्रोलमधूनच येते, फक्त वाया जाणारा भाग परत मिळतो.

यातूनच मुख्य मुद्दा निघतो. जेथे ब्रेक जास्त, तेथे हायब्रिडचा फायदा जास्त. पुण्याच्या सिग्नलवर आणि गर्दीत ही गाडी खरी कमाई करून देते. पण अकलूजहून इंदापूरकडे जाणाऱ्या पालखी महामार्गावर आणि पुढे सोलापूर-पुणे रस्त्यावर एकाच वेगाने गाडी पळू लागली की ब्रेकच लागत नाही, मग परत मिळवायचे काय? शिवाय वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेल्यास हा विरोध दीडपटीहून अधिक होतो. तेथे बॅटरी मदतीला येत नाही.

आता कागदावरचा आकडा. वरील दोन्ही गाड्यांचा जाहीर आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. आकडा खोटा नाही, पण तो रस्त्यावरचा नव्हे. चाचणीत गाडी रोलरवर ठेवून ठरलेल्या पद्धतीने सुमारे वीस मिनिटे चालवली जाते. त्यात सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास आणि कमाल वेग ९० असतो, एसी बंद असतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा एसी बंद ठेवून कोण जाणार? हायब्रिडचा एसी बॅटरीवर चालतो, आणि बॅटरी उतरली की ती भरण्यासाठी उभ्या गाडीतही इंजिन सुरू होते.

हा फरक केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून सरकारने चाचणीत जास्त वेग, एसी आणि थंडी यांचा विचार सुरू केला. तेव्हा टोयोटा प्रियस या गाजलेल्या हायब्रिडचा आकडा गॅलनला ५५ मैलांवरून ४६ वर आला. आपल्या मापात लिटरला सुमारे साडेतेवीसवरून साडेएकोणीस. गाडी तीच, फक्त मोजमाप खऱ्या वापराच्या जवळ आले.

आपल्या ऊस पट्ट्याशी संबंधित आणखी एक कारण आहे. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश शक्ती असते, म्हणून अशा मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के शक्ती कमी भरते. इथेनॉलमुळे आपल्या शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात हे खरे, पण ॲव्हरेजच्या हिशेबात ही घट धरली पाहिजे.

एका टाकीत गाडी किती जाईल, याचाही गाजावाजा होतो. ४५ लिटरला २७.९७ ने गुणले की साडेबाराशे किलोमीटर होतात. रस्त्यावर २१ मिळाले आणि पाच लिटर शिल्लक ठेवले, तर ८४० होतात. पण अकलूज-पुणे जाऊन-येऊन साडेतीनशेच्या आसपास भरते, आणि तेवढे साधी पेट्रोल गाडीही एका टाकीत सहज करते. जागोजागी पंप असताना त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

आता नफा-तोटा. पेट्रोल हिशेबापुरते १०५ रुपये धरू, दोन गाड्यांच्या किमतीतला फरक तीन लाख धरू. शहरी वापरात साधी गाडी १५ आणि हायब्रिड २१ देत असेल, तर किलोमीटरला बरोबर दोन रुपये वाचतात. फरक दीड लाख किलोमीटरला फिटतो. सगळा प्रवास हायवेचा असेल आणि आकडे १७ व २० असतील, तर बचत सुमारे ९३ पैसे. फरक फिटायला सव्वातीन लाख किलोमीटर लागतात. हायब्रिड बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर असते. म्हणजे पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे हमीच्या आत निघतात, दुसऱ्याचे हमीच्या दुप्पट अंतरानंतर. त्यात गाडी व्याजाच्या कर्जावर घेतली, तर बचत हप्त्यातच जिरते, आणि व्याजापासून दूर राहण्याचा हुकूम मोडतो तो वेगळाच.

‘हायब्रिड’ या नावालाही भुलू नये. ‘माइल्ड हायब्रिड’मध्ये मोटार इंजिनाला केवळ हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. ग्रँड व्हिटाराच्या तशा गिअरवाल्या मॉडेलचा जाहीर आकडा २१.११ आहे. विचारताना ‘स्ट्राँग की माइल्ड?’ हे स्पष्ट विचारावे.

खरे ॲव्हरेज काढण्याची रीत सोपी आहे. एकाच पंपावर, नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी आणि ट्रिप मीटर शून्यावर आणावे. नेहमीच्या कामात चार-पाचशे किलोमीटर चालवून पुन्हा तसेच भरावे. ६१२ किलोमीटरला २९.५ लिटर लागले, तर ॲव्हरेज पावणेएकवीस. असे तीनदा करून सरासरी घ्यावी. नवी गाडी घेण्यापूर्वी तीच गाडी वापरणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून हा हिशेब मागावा, आणि त्याचा प्रवास शहरातला की हायवेचा, हेही विचारावे.

जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या आमच्या बंधूंनी गिऱ्हाइकाला कंपनीचा आकडा न सांगता असा मोजलेला आकडा सांगावा. कुरआन शरीफमधील ८३ वी सूरह, ‘अल्-मुतफ्फिफीन’, माप कमी देणाऱ्यांच्या नावानेच ओळखली जाते. गाडीचे ॲव्हरेज हेही एक मापच आहे. ते पूर्ण दिले, तर धंद्यात बरकत राहील, इन्शाअल्लाह.