माल घेतला की नुसता भाव?

रमजानच्या रात्री तरावीहची नमाज संपली की मशिदीच्या पायऱ्यांवर घटकाभर गप्पा रंगतात. पूर्वी तिथे दुकान, नोकरी, मुलांची फी हे विषय असत. आता कॉलेजात जाणारी मुले मोबाइल पुढे करून इमामसाहेबांना विचारतात, ‘हजरत, ट्रेडिंग जायज आहे का?’ त्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर हवे असते. पण ट्रेडिंग या एका शब्दात चार-पाच निरनिराळे व्यवहार दडलेले आहेत. इस्लामी धर्मशास्त्र, म्हणजे फिकह, व्यवहाराचे नाव पाहत नाही. तो कसा होतो, हे पाहते.

इस्लामला नफ्याचे वावडे नाही. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) स्वतः व्यापारी होते. हजरत खदीजा (र.) यांचा माल घेऊन ते शामच्या बाजारपेठेत गेले होते. कुरआनच्या सूरह बकरामध्ये व्यापार हलाल आणि व्याज हराम ठरवले आहे. व्यवहार बिघडवणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन. रिबा म्हणजे व्याज. गरर म्हणजे काय घेतले-दिले हेच धड स्पष्ट नसणारी अनिश्चितता. मैसिर म्हणजे जुगार, ज्यात एकाचा तोटा हीच दुसऱ्याची कमाई असते. याशिवाय हदीसमधून आलेले दोन साधे नियम आहेत: जे आपल्याजवळ नाही ते विकू नये आणि घेतलेले धान्य ताब्यात येण्यापूर्वी पुढे विकू नये.

या कसोट्यांवर शेअर बाजार पाहू. शेअर म्हणजे कंपनीतली लहानशी भागीदारी. १९९२ मध्ये जेद्दाह येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनात, कंपनीचा धंदा वैध असेल तर तिचे शेअर घेणे मुळात जायज मानले गेले. दारू, जुगार, व्याजावर चालणाऱ्या बँका यांचे शेअर अर्थातच बाद. अडचण पुढे येते. धंदा हलाल, पण बँकेचे कर्ज अजिबात नाही अशी कंपनी आज मिळणे कठीण. अकादमीची भूमिका इथे कडक आहे. बहारीनमधील ‘आयोफी’ या मानक ठरवणाऱ्या संस्थेने मात्र मर्यादा घालून वाट दिली: व्याजी कर्ज कंपनीच्या बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांच्या आत हवे आणि अवैध उत्पन्न ५ टक्क्यांच्या आत. तेवढा हिस्सा आपल्या कमाईतून काढून, सवाबची अपेक्षा न ठेवता गरिबांना द्यायचा. अशाच चाळणीतून निवडलेल्या कंपन्यांचा ‘तासिस शरिया ५०’ हा निर्देशांक मुंबई शेअर बाजारात डिसेंबर २०१० मध्ये सुरू झाला.

सकाळी घेऊन दुपारी विकण्याच्या ‘इंट्राडे’वर मतभेद आहेत. घेतलेला शेअर डीमॅट खात्यात दुसऱ्या कामकाजी दिवशी जमा होतो. त्याआधीच तो विकणे म्हणजे ताब्यात न आलेला माल विकणे, असे अनेक उलेमा मानतात. नफ्या-तोट्याची जोखीम आपल्यावर आली की ताबा आला, असे म्हणणारेही आहेत. पण जवळ नसलेला शेअर आधी विकून नंतर घेणे, किंवा ब्रोकरकडून व्याजाने पैसे उचलून खेळणे याला आधार सापडत नाही.

आता फ्युचर्स आणि ऑप्शन्स. जेद्दाहच्या त्याच अधिवेशनाने ऑप्शनची खरेदी-विक्री नाजायज ठरवली, कारण त्यात विकली जाणारी गोष्ट ना माल असते, ना मालाचा वापर. याविरुद्ध मतही आहे. मोहम्मद हाशिम कमाली यांच्यासारख्या विद्वानाने या व्यवहारांच्या बाजूने ग्रंथ लिहिला आणि मलेशियाच्या शरिया सल्लागार परिषदेने पाम तेलाच्या फ्युचर्सना मान्यता दिली. मात्र पाम तेलामागे मळे आहेत, गिरण्या आहेत, उद्या येणारे खरे पीक आहे. निफ्टी हा नुसता आकडा आहे, तो कुणाला पोचता करता येत नाही. मुदतीच्या दिवशी फक्त फरकाचे पैसे या खिशातून त्या खिशात जातात.

मुंबईला हा प्रकार नवा नाही. मटक्याचे मूळ न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावात आहे. भाव कितीवर उघडेल, कितीवर बंद होईल, यावर पैसे लागत. लावणाऱ्याला कापूस नको असे, त्याला फक्त आकडा हवा असे. मोबाइलवरच्या ॲपने आकड्याचा जुगार व्यापार होत नाही.

कुणी म्हणेल, प्रेषितांनीही आगाऊ सौदा मान्य केला होता. खरे आहे. मदीनेचे लोक खजुराचे पैसे एक-दोन वर्षे आधी देत. प्रेषितांनी (स.) तो सौदा चालू ठेवला, पण माप, वजन आणि मुदत ठरलेली असावी, अशी अट घातली. फिकहने पूर्ण किंमत आगाऊ देण्याची अट लावली. बागवानाला हंगामाआधी पैसे मिळत, घेणाऱ्याला खजूर मिळत. म्हणजे दोघांची गरज भागे. ऑप्शनमध्ये कुणाची गरज भागते, याचे उत्तर ‘सेबी’च्या २०२४ च्या अहवालात आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक. हा पैसा कुणाच्या बहिणीच्या लग्नाचा, कुणाच्या अब्बांच्या फंडाचा असतो.

रमजानमध्ये अनेक घरांत जकातचा हिशेब होतो. विकण्यासाठी घेतलेल्या शेअरच्या आजच्या बाजारभावावर अडीच टक्के. दीर्घकाळ ठेवायच्या शेअरवर, कंपनीची रोकड, विक्रीचा माल आणि येणे यांतल्या आपल्या हिश्श्यावर. पण जकात हलाल कमाईला पाक करते, हराम कमाई तिने धुऊन निघत नाही. रोजेदार पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत हलाल घोटसुद्धा अल्लाहसाठी दूर ठेवतो. इफ्तारची खजूर कोणत्या पैशाची, हे विचारणे त्याच रोज्याचा भाग आहे.

म्हणून इमामसाहेबांकडे जाताना ‘ट्रेडिंग’ हा शब्द नको, ब्रोकरने पाठवलेला सौद्याचा कागद न्यावा. काय घेतले, कुणाच्या पैशाने घेतले आणि ते ताब्यात आले का, हे तीन प्रश्न आधी स्वतःला विचारावेत. पुष्कळदा उत्तर मशिदीच्या पायऱ्या चढण्याआधीच मिळून जाते.