व्हिएन्नातला एक ठराव

परिषदेसाठी व्हिएन्नाला निघालो, तेव्हा शेजारच्या काकूंनी सरळच विचारलं, ‘एवढ्या लांब जाऊन तुम्ही लोक नेमकं करता काय?’ मी म्हटलं, ‘निबंध वाचतो.’ ‘मग तो पोस्टानं नाही का पाठवता येत?’ मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न खोटा नव्हता. तो डोक्यात घेऊनच मी विमानात बसलो.

व्हिएन्ना शहर देखणं आहे. जुना तट पाडून त्या जागी केलेला रुंद गोल रस्ता, त्यावरून धावणाऱ्या ट्राम, कॉफीबरोबर न मागता येणारा पाण्याचा पेला. विद्यापीठाची भव्य इमारत याच रस्त्यावर आहे. ती १८८४ मध्ये सुरू झाली. आतल्या चौकाभोवतीच्या ओवऱ्यांत जुन्या प्राध्यापकांचे पुतळे मांडले आहेत. परिषदेत माझ्या वाट्याला पंधरा मिनिटं आली आणि समोर श्रोते होते अकरा. संध्याकाळी त्या ओवऱ्यांतून फिरताना वाटलं, काकूंचंच बरोबर असावं.

मग आठवण झाली ती आपल्या डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची. १८८६ मध्ये याच शहरात प्राच्यविद्या पंडितांची सातवी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. डॉ. भांडारकर तेव्हा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते परिषदेला गेले. गंमत अशी, की १८७४ च्या लंडनच्या परिषदेचंही त्यांना निमंत्रण होतं. तेव्हा जाणं जमलं नाही, म्हणून नाशिकच्या शिलालेखांवरचा निबंध त्यांनी खरोखरच पाठवून दिला होता. म्हणजे काकूंची सूचना त्यांनी आधीच अमलात आणली होती! तरीही बारा वर्षांनी ते स्वतः गेले. समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं, असं मानणारे लोक तेव्हा पुण्यात थोडे नव्हते. पुढं चारच वर्षांनी, १८९० मध्ये, पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आलं, यावरून त्या काळाची कल्पना यावी.

या परिषदेत निबंध पुष्कळ वाचले गेले. पण आपल्या दृष्टीनं महत्त्वाचा ठरला तो एक ठराव. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवून गेलेले ब्यूलर तेव्हा व्हिएन्नात प्राध्यापक होते. त्यांनी तो मांडला आणि बर्लिनच्या वेबर यांनी त्याला अनुमोदन दिलं. हिंदुस्थानातल्या भाषांची आणि बोलींची पद्धतशीर पाहणी सरकारनं करावी, एवढीच मागणी. जॉर्ज ग्रियर्सन हे सनदी अधिकारीही त्या परिषदेला हजर होते. पुढं ते काम त्यांच्याकडेच आलं. पाहणी सुरू व्हायला १८९४ उजाडलं आणि ती पुरी झाली १९२८ मध्ये. एका ठरावाच्या पूर्तीला बेचाळीस वर्षं लागली!

पाहणीची रीत साधी होती. बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट प्रत्येक बोलीत सांगून लिहून घ्यायची. जोडीला स्थानिक नमुना आणि ठरलेल्या २४१ शब्दांची व वाक्यांची यादी. गोष्ट सगळीकडे एकच का? कारण मजकूर एक असला, की फरक चटकन दिसतो. पुण्यात आपण ‘मला’ म्हणतो, वऱ्हाडात ‘मले’, मालवणीत ‘माका’. प्रमाण मराठीतला ‘मुलगा’ मालवणीत ‘झील’ होतो आणि अहिराणीत ‘आंडोर’. हे शब्द शेजारी शेजारी मांडले, की कोणती बोली कोणाच्या जवळची, हे कळू लागतं. या पाहणीत १७९ भाषा आणि ५४४ बोलींची नोंद झाली. तिचा सातवा खंड मराठीचा. तो १९०५ मध्ये निघाला.

या कामात उणिवाही होत्या. नमुने बहुतेक सरकारी अधिकाऱ्यांमार्फत गोळा झाले. ऐकणाऱ्याच्या कानाला जे वाटलं, ते कागदावर उतरलं. हैदराबाद आणि म्हैसूर संस्थानं, मद्रास इलाखा हे भाग सुटले. तरीही सव्वाशे वर्षांपूर्वीची आपली माणसं कशी बोलत होती, हे पाहायचं तर आज त्या खंडाकडे जावं लागतं.

हे सारं मला जवळचं वाटतं, याला एक कारण आहे. माझी आई मालवणकडची. घरात ती ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ असंच बोलायची. मी पुण्यात शाळेत असं बोललो, तेव्हा वर्ग हसला आणि बाईही हसल्या. त्या दिवसापासून मी ते शब्द टाकले. आईशीसुद्धा शुद्ध बोलू लागलो. मोठेपणी भाषा हाच अभ्यासाचा विषय झाला. पण आईचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवायचं काही सुचलं नाही. ती गेली, तेव्हा ते तिच्याबरोबर गेलं. डॉ. भांडारकरांचा जन्मही मालवणचाच, हे मला फार उशिरा कळलं.

त्या परिषदेचा धागा पुढं पुण्यातच आला. १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली. १९१९ च्या नोव्हेंबरात अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचं पहिलं अधिवेशन तिथं भरलं. अध्यक्ष अर्थातच डॉ. भांडारकर. आणि अलीकडे, ज्या डेक्कन कॉलेजातून ते व्हिएन्नाला गेले, त्याच डेक्कन कॉलेजनं मराठीच्या बोलींचं नवं सर्वेक्षण हाती घेतलं. यात गावोगावच्या लोकांचं बोलणं प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित केलं जातं. ग्रियर्सनना जे कागदावर पकडता आलं नाही, ते आता कानांनी ऐकता येतं.

परत आल्यावर काकूंना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘म्हणजे निबंधाचं जाऊ द्या, ठरावाचं पाहा!’ मला वाटतं, परिषदांविषयी याहून नेमकं बोलणं कठीण आहे. अकरा श्रोत्यांतला एखादा उठून काय करील, ते त्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं.

आणि तुमच्या घरात कुणी आजी ‘माका’ किंवा ‘मले’ म्हणत असेल, तर परिषदेची वाट पाहू नका. आजच तिला एखादी गोष्ट सांगायला लावा आणि ती ध्वनिमुद्रित करून ठेवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)