स्पॅनिश भाषेतील ‘ऐकणे’ : ‘ओये’ आणि ‘ओइगा’

सुमारे वीस देशांची राजभाषा असलेली स्पॅनिश शिकू लागलेल्या मराठी भाषकास ‘ओईर’ हे क्रियापद लवकरच अडवते. लॅटिनमधील ‘आउदीरे’ झिजून ते तयार झाले. त्याची वर्तमानकाळी रूपे अशी : मी ‘ओइगो’, तू ‘ओयेस’, तो अथवा ती ‘ओये’, आम्ही ‘ओईमोस’, ते ‘ओयेन’. ही रूपे विद्यार्थी पाठ करतात. वापरताना मात्र घोटाळा होतो.

‘ओईर’ म्हणजे कानावर पडणे. लक्षपूर्वक ऐकण्यासाठी ‘एस्कुचार’ हे निराळे क्रियापद आहे, जरी लॅटिन अमेरिकेत बोलताना हा भेद पुष्कळदा पाळला जात नाही. आपण ‘मला ऐकू येते’ असे म्हणतो. त्या सवयीने ‘मला’साठी ‘मे’ जोडून ‘मे ओइगो’ म्हटले, तर त्याचा अर्थ ‘मी स्वतःचाच आवाज ऐकतो’ असा होतो! तेथे नुसते ‘ओइगो’ पुरे.

खरी कसोटी आज्ञार्थाची. मित्राला हाक मारताना ‘ओये’ म्हणजे ‘अरे, ऐक’. (कानाला ते पंजाबी ‘ओये’सारखे लागते, दोहोंचा संबंध मात्र नाही.) वडीलधाऱ्यांना, अपरिचितांना किंवा अधिकाऱ्यांना ‘ओइगा’ म्हणजे ‘अहो, ऐका’ असे म्हणावे लागते, अनेकांना उद्देशून ‘ओइगान’. हे आदरार्थी रूप वेगळे पाठ करण्याचे कारण नाही. ‘ओइगो’तील अंत्य ‘ओ’च्या जागी ‘आ’ घातला की ते सिद्ध होते. तक्त्यात विचित्र भासणारे प्रथमपुरुषी रूपच असे उपयोगी पडते. ‘ऐकू नकोस’ म्हणतानाही हेच अंग येते : ‘नो ओइगास’. मात्र आदराची सीमा सर्वत्र एक नाही. कोलंबियाच्या काही भागांत घरच्या माणसांशीही आदरार्थी रूपानेच बोलतात.

या धातूला प्रशासनाचा इतिहासही आहे. स्पेनच्या राजाने 1527 मध्ये मेक्सिकोसाठी ‘आउदिएन्सिया’ नावाचे उच्च न्यायालय स्थापिले. अशा न्यायालयांतील न्यायाधीशांस ‘ओइदोर’, म्हणजे ऐकणारा, म्हणत. आपल्या कचेऱ्यांतील ‘सुनावणी’ हा शब्दही ऐकण्यावरूनच आला आहे. क्यूबात आजही दूरध्वनी उचलणारा मनुष्य प्रथम ‘ओइगो’ म्हणतो, म्हणजे ‘ऐकतो आहे, बोला’.