औषधी तेले व अरिष्टे : रासायनिक पृथक्करणाची आवश्यकता

चिकित्सेच्या चार पादांपैकी औषध हा एक पाद होय. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात औषधाच्या चार गुणांमध्ये ‘संपत्’ या गुणाचा अंतर्भाव केलेला आहे. द्रव्य आपल्या रस-वीर्यादी गुणांनी संपन्न असावे, ही ती अपेक्षा. परंतु बाटलीबंद औषध हाती घेताना ही संपन्नता आपण कशावरून ठरवितो, हा प्रश्न आम्ही सर्वप्रथम स्वतःलाच विचारीत आहोत.

काही वर्षांपूर्वी दाढदुखीने त्रस्त झालेल्या एका गृहस्थांस आम्ही लवंग तेलाचा बोळा ठेवण्यास दिला. दोन दिवसांनी ते परत आले. ठणका यत्किंचितही उणावला नव्हता. उलट तोंड तेलकट होते, अशी त्यांची तक्रार होती. तेल आमच्याच औषधालयातील होते आणि त्याचा वासही लवंगेचाच होता. आम्ही त्याचा एक थेंब कोऱ्या कागदावर टाकून ठेवला. दुसऱ्या दिवशीही स्निग्ध डाग कायम होता. शुद्ध उडनशील तेल उडून जाते, खाद्यतेलाचा डाग मात्र राहतो. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालाने भेसळीवर शिक्कामोर्तब केले. पुरवठादाराचा दोष होताच. परंतु आम्हीही केवळ दर पाहून खरेदी केली होती, हे येथे नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते.

कागदाची ही परीक्षा प्रत्येक औषधालयात करता येण्याजोगी आहे. लवंग तेल पाण्याहून जड असते, त्यामुळे ते पाण्यात तळाशी जाते. ते दुप्पट आकारमानाच्या ७० टक्के मद्यार्कात विरघळते. बहुतेक खाद्यतेले विरघळत नाहीत. ढोबळ भेसळ एवढ्याने उघड होते.

तथापि चतुर भेसळ एवढ्याने सापडत नाही. लवंगेच्या झाडाच्या पानांपासून काढलेले तेल कळ्यांच्या तेलापेक्षा स्वस्त असते. तेही पाण्यात बुडते, कागदावर डाग ठेवीत नाही आणि त्यातही यूजेनॉल भरपूर असते. म्हणजे अहवालात यूजेनॉलचा एकच आकडा असेल, तर पानांचे तेलही उत्तीर्ण होईल! कळ्यांच्या तेलात यूजेनॉल साधारणतः ७५ ते ८८ टक्के असून, त्याच्या जोडीला यूजेनिल ॲसिटेट ४ ते १५ टक्के असते. पानांच्या तेलात हा दुसरा घटक नगण्य असतो. गॅस क्रोमॅटोग्राफीने सर्व घटक पृथक् होऊन त्यांचे परस्पर प्रमाण कळते, आणि तेथेच खरी ओळख पटते.

ओव्याची कथा निराळी नाही. आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार ओव्यात उडनशील तेल किमान २.५ टक्के असावे लागते. तेल आधीच काढून घेतलेला ओवा वाळवून पुन्हा विक्रीस आला, तर डोळ्यांना तो ओवाच दिसतो. ओव्याच्या तेलातून थायमॉल, म्हणजे ओव्याचे फूल, काढून घेऊन उरलेले तेल विकले गेले, तरी ओव्याचा वास त्यात काही अंशी शिल्लक असतो. अमृतधारेसारख्या योगाचे जे एक प्रमुख द्रव्य, तेच अशा तेलात उणे असते.

आसवारिष्टांकडे वळू. पाश्चात्त्य टिंक्चरमध्ये मद्यार्क बाहेरून घालतात; अरिष्टात तो संधानाने आतच उत्पन्न होतो व द्रव्यांतील कार्यकारी घटक आपल्यात ओढून घेतो. फार्माकोपियातील अनेक अरिष्टांच्या मानकांत मद्यार्क ५ ते १० टक्के असून, मिथेनॉल मुळीच नसावे असा दंडक आहे. मद्यार्क फार कमी व आम्लता अधिक असेल, तर संधान बिघडून शुक्तत्व आल्याची शंका घ्यावी. मर्यादेबाहेर अधिक असेल, तर तो बाहेरून मिसळल्याची. शर्करेचा आकडा तर आपण वाचीतच नाही, वस्तुतः मधुमेही रुग्णास अरिष्ट देताना तो सर्वप्रथम वाचावयास हवा. आणि मद्यार्क नेमका असला, तरी केवळ गूळ व धायटीची फुले यांच्या संधानानेही तो मिळू शकतो. मूळ काष्ठौषधी त्यात पडल्या आहेत किंवा नाहीत, हे पाहण्यासाठी टीएलसी अथवा एचपीटीएलसी हीच परीक्षा हवी.

तात्पर्य, एका आकड्याने औषधाची ओळख पटत नाही. म्हणून व्यावसायिक बंधुभगिनींना आमची विनंती अशी : पुरवठादाराकडे पृथक्करण अहवाल मागावा, त्यावरील बॅच क्रमांक बाटलीशी ताडून पाहावा, निष्कर्षासमोर फार्माकोपियाचे मानक व परीक्षेची पद्धत नमूद आहे ना, हे पाहावे. फार्मसीचालकांनी प्रत्येक बॅचचा नमुना जपून ठेवावा. एकट्या वैद्यास परीक्षेचा खर्च जड जात असेल, तर एकाच बॅचचे औषध घेणाऱ्या चार-पाच वैद्यांनी मिळून नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा.

आपल्या नाक-जिभेच्या परीक्षेचा यात उपमर्द नाही. ती प्रथम करावीच. परंतु ठणकती दाढ घेऊन आलेला रुग्ण बाटलीवर नव्हे, आपल्यावर विश्वास ठेवून औषध घेतो. त्या विश्वासाचे उत्तरदायित्व आपलेच आहे.