जामठ्याची मॅच, अकोल्याचा खिसा

ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज पडतो, 'जामठ्याला मॅच! कोण कोण येतंय?' पाच मिनिटांत दहा हात वर. मग तिकिटाचे भाव कळतात आणि ग्रुप एकदम सायलेंट!

बॉस, अकोलेकराची इंटरनॅशनल मॅच म्हणजे नागपूर. तिकीट ५०० रुपयांपर्यंत असलं तर जीएसटी नाही. त्यावर गेलं की १८ टक्के. म्हणजे हजाराचं तिकीट ११८० ला! (आयपीएलवाल्यांची तर आणखीच वाट लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथला टॅक्स २८ वरून थेट ४० टक्के झाला.)

खरा खर्च तर पुढेच आहे. अडीचशे किलोमीटर रेल्वे, मग खापरीपर्यंत मेट्रो, तिथून जामठ्याला ऑटो, रात्रीचा मुक्काम आणि वर एक सुट्टी. एवढं करून पूर्ण मॅच बघायला मिळेलच, याची गॅरंटी नाही. २३ सप्टेंबर २०२२ ची भारत-ऑस्ट्रेलिया टी-२० आठवते? मैदान ओलं, मॅच आठ-आठ ओव्हरची! रोहितने नाबाद ४६ ठोकले म्हणून पैसे वसूल, नाहीतर बोंबच होती.

मग जायचंच नाही? जायचं की! वर्षातून एकदा, आधीपासून पैसे बाजूला टाकून. बाकी वेळी घरची टीम बघा. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच जामठ्यावर विदर्भाने इराणी कप जिंकला आणि आपल्या अकोल्याच्या अथर्व तायडेने १४३ काढले. अशा मॅचच्या तिकिटासाठी रात्र जागावी लागत नाही. गावचा पोरगा सेंच्युरी मारतोय आणि आपण ब्लॅकचा भाव विचारत बसलोय, हे काही बरं नाही बाप्पा!