घरगुती पाळणाघरे : परवाना आणि भूवापर

राहत्या घरातील पाळणाघर हा व्यवसाय मानावा की निवासाचाच भाग, या प्रश्नाच्या उत्तरावर त्याचे कायदेशीर भवितव्य अवलंबून असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे परवाना राज्यशासन देते. भूवापराचे नियंत्रण मात्र शहरे व परगणे यांच्याकडे असते. लहान पाळणाघरात ६ आणि काही अटींवर ८ मुले सांभाळता येतात. मोठ्यात १२, अटींवर १४, परंतु तेथे मदतनीस अनिवार्य ठरतो. चालिकेची स्वतःची १० वर्षांखालील मुलेही या संख्येत धरली जातात, ही बाब सहज नजरेआड होते.

खरी अडचण परवान्यापलीकडची होती. राज्याच्या निकषांना उतरलेल्या मोठ्या पाळणाघराकडेही शहर भूवापराची स्वतंत्र परवानगी मागू शकत असे. शुल्क, सुनावणी आणि शेजाऱ्यांच्या हरकती यांत अल्प उत्पन्नाची चालिका अडकून पडे. २०१९ च्या सिनेट विधेयक क्रमांक २३४ ने ही वाट बंद केली. १ जानेवारी २०२० पासून लहान-मोठी दोन्ही पाळणाघरे भूवापराच्या दृष्टीने निवासच मानली जातात. शहरांच्या स्वायत्ततेस यामुळे मुरड पडली हे खरे. तथापि बालसंगोपनाची सोय शेजाऱ्यांच्या मर्जीवर सोडणे त्याहून अनिष्ट होते. सदनिकांनाही हे संरक्षण आहे. भाडेकरू चालिकेने घरमालकास ३० दिवस आधी लेखी कळवणे पुरेसे असते. ८ किंवा १४ ही वाढीव मर्यादा गाठावयाची असल्यास मात्र त्याची संमती घ्यावीच लागते.